हुकूमशहाला बाहेरच्यांनी हटवावं का? आफ्रिकेच्या अनुभवातून

जुलै १९७९. लायबेरियाची राजधानी मोनरोव्हिया इथे आफ्रिकी देशांच्या प्रमुखांची परिषद भरली होती. तीनच महिन्यांपूर्वी, ११ एप्रिलला, टांझानियाच्या सैन्याने युगांडाची राजधानी कंपाला घेतली होती आणि इदी अमीन देश सोडून पळाला होता. अमीनच्या आठ वर्षांत मारल्या गेलेल्या लोकांचे अंदाज तीन लाखांपर्यंत जातात. असा माणूस गेला म्हणून परिषदेत आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात सुदान आणि नायजेरियाने टांझानियाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनाच जाब विचारला. दुसऱ्या देशात सैन्य घालून तिथलं सरकार पाडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असा त्यांचा सवाल होता.

न्येरेरे आधीपासून एक गोष्ट कळवळून सांगत होते. दक्षिण आफ्रिकेत किंवा ऱ्होडेशियात (आजच्या झिम्बाब्वेत) गोऱ्यांनी काळ्यांना मारलं की सारा खंड पेटून उठतो, पण काळ्या राज्यकर्त्याने काळ्यांना मारलं की सगळे गप्प बसतात. ही तक्रार खरी होती. १९७५ मध्ये आफ्रिकी ऐक्य संघटनेची परिषद कंपालातच झाली आणि संघटनेचं वर्षभराचं अध्यक्षपद याच अमीनकडे गेलं. टांझानिया, झांबिया आणि बोट्स्वाना यांनी त्या परिषदेवर बहिष्कार टाकला, बाकी बहुतेक देश मुकाट्याने हजर राहिले.

आपल्याकडे अमीनचं नाव आठवतं ते १९७२ मुळे. ऑगस्टमध्ये त्याने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्यात गुजराती सर्वाधिक होते, पण गोव्याहून गेलेली बरीच कुटुंबंही होती. सरकारी कचेऱ्यांतले कारकून, शिक्षक, शिंपी अशी ती माणसं. पिढ्यांची कमाई मागे टाकून त्यांना निघावं लागलं. ही हकालपट्टी जगभर गाजली. तिथेच राहिलेल्या युगांडावासीयांचं पुढे जे झालं ते याहून भयंकर होतं, आणि त्याची चर्चा फार कमी झाली.

मग एखादा राज्यकर्ता स्वतःच्याच लोकांना चिरडत असेल तर बाहेरच्या देशांनी हात घालावा का? वाचकांपैकी बहुतेकांचं पहिलं उत्तर ‘हो, घालायलाच हवा’ असं येईल. माझंही तसंच यायचं. पण गेल्या साठ वर्षांत आफ्रिकेत काय घडलं ते पाहिलं की ‘हो की नाही’ या प्रश्नापेक्षा दुसरेच प्रश्न महत्त्वाचे ठरतात. जाणारा कोण आहे? तिथल्या लोकांनी स्वतःचा कौल आधीच दिला आहे का? आणि राज्यकर्ता गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सत्ता कुणाच्या हातात असणार आहे?

‘बाहेरचा हात’ म्हटलं की आफ्रिकेला काय आठवतं

मोनरोव्हियात न्येरेरेंवर टीका करणारे सगळेच काही अमीनचे मित्र नव्हते. त्यांच्या भीतीमागे ताजा इतिहास होता. काँगोला ३० जून १९६० रोजी स्वातंत्र्य मिळालं. निवडून आलेले पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा यांची १७ जानेवारी १९६१ ला हत्या झाली आणि त्यात बेल्जियमच्या अधिकाऱ्यांचा हात होता. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचीही त्यांना संपवण्याची योजना होती. पुढे १९६५ मध्ये लष्करप्रमुख मोबुटूने सत्ता घेतली आणि १९९७ पर्यंत सोडली नाही. या बत्तीस वर्षांत अमेरिका, फ्रान्स आणि बेल्जियम यांनी त्याला पैसा दिला, शस्त्रं दिली, आणि १९७७-७८ मध्ये शाबा प्रांतात बंडखोर घुसले तेव्हा त्याला वाचवायला सैन्य उतरवण्यापर्यंत मदत केली.

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाचा हुकूमशहा बोकासा याने १९७७ मध्ये स्वतःला सम्राट म्हणून राज्याभिषेक करवून घेतला, त्याला मोठं साहाय्य फ्रान्सचं होतं. दोन वर्षांनी तो नकोसा झाला तेव्हा, तो लिबियाच्या दौऱ्यावर असताना, फ्रेंच सैनिकांनीच विमानातून नवा अध्यक्ष आणून बसवला. म्हणजे हुकूमशहा बसवणाराही बाहेरचा आणि उठवणाराही बाहेरचा. देश ज्यांचा, त्यांना दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही.

हे लक्षात ठेवल्याशिवाय हस्तक्षेपावर बोलताच येत नाही. पाश्चात्त्य देशांतून होणाऱ्या चर्चेत असं चित्र असतं की आफ्रिकेतला हुकूमशहा एका बंद खोलीत बसला आहे आणि जगाने दार उघडून आत जायचं की नाही एवढंच ठरवायचं आहे. ती खोली कधीच बंद नव्हती. तेल कुणी विकत घेतलं, बंदुका कुणी पुरवल्या, चोरलेला पैसा कुठल्या बँकेत ठेवला गेला, या सगळ्यांतून बाहेरचे आधीच आत होते.

नियम काय म्हणतात

थोडं कायद्याबद्दल, कारण इथे गोंधळ फार होतो. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार एका देशाने दुसऱ्यावर बळ वापरायचं नाही. याला अपवाद दोनच: स्वसंरक्षण, किंवा सुरक्षा परिषदेची मंजुरी. याखेरीज एखाद्या देशाच्या कायदेशीर सरकारने स्वतः मदतीला बोलावलं तर जाता येतं. ‘तिथला राज्यकर्ता हुकूमशहा आहे’ हे कारण या यादीत कुठेच नाही.

म्हणूनच न्येरेरेंनी आपली बाजू मांडताना मानवी हक्कांचा आधार घेतला नाही. ऑक्टोबर १९७८ मध्ये अमीनच्या सैन्याने कागेरा नदीच्या उत्तरेकडचा टांझानियाचा पट्टा बळकावला, लुटालूट केली, लोक मारले, आणि तो भाग युगांडात सामील झाल्याची घोषणा केली. टांझानियाने स्वसंरक्षण म्हणून प्रतिहल्ला केला आणि तो कंपालापर्यंत नेला. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात भारताची अधिकृत भूमिकाही अशीच होती: निर्वासितांचे लोंढे आणि मग पाकिस्तानचा हल्ला यांमुळे स्वतःचा बचाव. दोन्ही ठिकाणी कत्तली थांबल्या. दोन्ही ठिकाणी कायद्याच्या भाषेत मात्र कत्तलींचा उल्लेख मागे राहिला.

१९९४ मध्ये रवांडात सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली आणि जग बघत राहिलं. त्यानंतर हवा बदलली. आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या जागी आफ्रिकी संघ आला आणि २००० साली स्वीकारलेल्या त्याच्या घटनेत चौथ्या कलमात एक असं वाक्य आलं जे तोवर कुठल्याच खंडाच्या संघटनेने लिहिलं नव्हतं: वंशसंहार, युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे घडत असतील तर सदस्य देशात हस्तक्षेप करण्याचा संघाला हक्क आहे. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनीही मान्य केलं की एखादं सरकार आपल्या जनतेला सामूहिक हत्याकांडापासून वाचवत नसेल तर ती जबाबदारी जगावर येते, मात्र कृती सुरक्षा परिषदेमार्फत व्हावी.

कागदावर हे मोठं पाऊल आहे. प्रत्यक्षात काय झालं ते बुरुंडीत दिसलं. २०१५ मध्ये अध्यक्ष न्कुरुन्झिझा तिसऱ्यांदा उभे राहिले, विरोध झाला, माणसं मारली जाऊ लागली. डिसेंबरमध्ये आफ्रिकी संघाच्या शांतता व सुरक्षा परिषदेने ५,००० सैनिक पाठवायला मंजुरी दिली. न्कुरुन्झिझांनी सांगितलं, आलात तर लढू. जानेवारी २०१६ मध्ये राष्ट्रप्रमुख एकत्र बसले आणि त्यांनी माघार घेतली. त्या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीतरी जण स्वतःच मुदत वाढवून सत्तेवर होते. उद्या हेच कलम आपल्यावर उलटेल, हे त्यांना न सांगता कळत होतं.

लिबिया: वाचवायला गेले, पाडून आले

फेब्रुवारी २०११ मध्ये लिबियात मुअम्मर गद्दाफीविरुद्ध उठाव झाला. बेनगाझी शहर उठाववाल्यांच्या हाती गेलं. गद्दाफीने टीव्हीवरून घराघरांत, गल्लीगल्लीत शिरून सफाई करण्याची धमकी दिली. १७ मार्चला सुरक्षा परिषदेत ठराव आला: नागरिकांच्या संरक्षणासाठी आवश्यक ती सर्व पावलं उचलावीत, पण परकीय सैन्याने देश ताब्यात घेऊ नये. दहा देश बाजूने, विरोधात कुणी नाही. भारत, ब्राझील, चीन, जर्मनी आणि रशिया तटस्थ. जमिनीवर नेमकं काय चाललंय याची भरवशाची माहिती हाती नसताना एवढा मोठा निर्णय घेतला जातोय, असं भारताच्या प्रतिनिधींचं म्हणणं होतं. त्या वेळी या भूमिकेला अनेकांनी भित्रेपणा म्हटलं. ठराव मात्र आफ्रिकेचाही होता हे विसरायला नको. दक्षिण आफ्रिका, नायजेरिया आणि गॅबन यांनी बाजूने मत दिलं होतं.

आफ्रिकी संघाने वाटाघाटींसाठी पाच राष्ट्रप्रमुखांची समिती नेमली होती. समिती त्रिपोलीला निघणार त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांची बॉम्बफेक सुरू झाली आणि त्यांच्या विमानाला परवानगी मिळाली नाही. तीन आठवड्यांनी ते पोचले तेव्हा वाटाघाटींत कुणालाच रस उरला नव्हता. नागरिकांचं संरक्षण हे उद्दिष्ट काही आठवड्यांतच मागे पडलं आणि नाटोची विमानं बंडखोरांची वायुसेना झाली. २० ऑक्टोबरला सिर्त शहराजवळ गद्दाफी मारला गेला.

बेनगाझीच्या लोकांनी मदत मागितली होती, आणि ती मागण्यात त्यांची काही चूक नव्हती. ज्याच्या गल्लीत रणगाडे येणार आहेत त्याला सनदेची कलमं वाचून दाखवणं मला शक्य नाही. पण त्यांना वाचवणं एक काम होतं आणि बेचाळीस वर्षांची राजवट उखडून नवी उभी करणं दुसरं. दुसऱ्या कामाची तयारी कुणीच केलेली नव्हती. गद्दाफीने देशात संसद, पक्ष, स्वतंत्र न्यायालयं, नीट बांधलेलं सैन्य यांतलं काहीच टिकू दिलं नव्हतं. तो गेला तेव्हा उरल्या त्या टोळ्या आणि उघडी पडलेली शस्त्रांची कोठारं. २०१४ पासून देशात दोन सरकारं झाली. स्थलांतरितांना तिथे गुलाम म्हणून विकलं गेल्याचे पुरावे जगाने पाहिले. गद्दाफीच्या फौजेत असलेले तुआरेग जमातीचे सैनिक शस्त्रं घेऊन मालीत परतले, २०१२ मध्ये तिथे बंड झालं, मग लष्करी उठाव, आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा साहेलचा सारा पट्टा आजवर सावरलेला नाही. गद्दाफी गेल्यानंतरच्या दिवसाचं नियोजन न करणं ही आपल्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी चूक होती, असं बराक ओबामांनी २०१६ मध्ये स्वतः म्हटलं. ब्रिटिश संसदेच्या समितीनेही त्याच वर्षी आपल्या सरकारवर कडक टीका केली. पण पॅरिस, लंडन किंवा वॉशिंग्टनमध्ये त्या चुकीची किंमत कुणी मोजली नाही. ती मोजली मालीतल्या गुराख्यांनी आणि नायजरमधल्या शेतकऱ्यांनी.

गाम्बिया: जिथे जमलं

आता अशा एका देशाकडे येऊ, ज्याचं नाव आपल्या वर्तमानपत्रांत क्वचित येतं. गाम्बिया हा पश्चिम आफ्रिकेत एका नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेला चिंचोळा देश आहे. लोकसंख्या तेव्हा वीस लाखांच्या आसपास, तीन बाजूंना सेनेगल, चौथीकडे अटलांटिक. १९९४ मध्ये २९ वर्षांच्या याह्या जामे नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने सत्ता घेतली आणि बावीस वर्षं सोडली नाही. पत्रकार मारले गेले, विरोधक गायब झाले, एड्स बरा करण्याचा दावा करून रुग्णांची औषधं बंद करायला लावली गेली. एप्रिल २०१६ मध्ये सोलो सांडेंग हे विरोधी कार्यकर्ते निवडणूक सुधारणांसाठी शांतपणे निदर्शनं करताना पकडले गेले आणि कोठडीतच मरण पावले. पुढे त्यांच्या पक्षाचे प्रमुख उसेनू दार्बो यांनाही तुरुंगात टाकलं गेलं.

१ डिसेंबर २०१६ ला निवडणूक झाली. गाम्बियातली मतदानाची पद्धत सुंदर आहे. निरक्षर मतदारांनाही गुप्तपणे मत देता यावं म्हणून तिथे कागदाऐवजी काचेची गोटी देतात. प्रत्येक उमेदवाराच्या रंगाचा आणि फोटोचा एकेक पत्र्याचा पिंप असतो. गोटी आत टाकली की घंटा वाजते, म्हणजे कुणी दोन गोट्या टाकल्या तर बाहेर ऐकू येतं. मतदान केंद्राच्या आसपास सायकलींना बंदी असायची, घंटीचा गोंधळ नको म्हणून. या गोट्यांनी जामेला हरवलं. विरोधी पक्षांनी एकत्र येऊन अदामा बॅरो हा फारसा कुणाला ठाऊक नसलेला जमिनी-घरांचा व्यावसायिक उभा केला होता. त्याला ४३ टक्क्यांच्या वर मतं पडली, जामेला चाळीसच्या आत.

दुसऱ्या दिवशी जामेने टीव्हीवर बॅरोला फोन करून हार मान्य केली. आठवड्याभराने, ९ डिसेंबरला, शब्द फिरवला. मधल्या काळात युतीतल्या एका नेत्याने जामेवर खटला भरण्याची भाषा जाहीरपणे केली होती. न्यायाची मागणी योग्यच होती, पण ज्याला खुर्ची सोडल्यावर तुरुंग दिसतो तो खुर्ची सोडत नाही, ही या सगळ्या विषयातली अत्यंत अवघड गाठ आहे.

यापुढचे सहा आठवडे नीट पाहण्यासारखे आहेत. पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक संघटनेने, जिला इकोवास म्हणतात, १३ डिसेंबरला चार राष्ट्रप्रमुख गाम्बियाच्या राजधानीत, बांजुलला पाठवले: लायबेरियाच्या एलेन जॉन्सन सर्लीफ, नायजेरियाचे बुहारी, सिएरा लिओनचे कोरोमा आणि घानाचे महामा. महामा स्वतः त्याच आठवड्यात निवडणूक हरले होते आणि त्यांनी हार स्वीकारली होती. जामेसमोर बसवायला याहून योग्य माणूस मिळाला नसता. जामे ऐकला नाही. आफ्रिकी संघाने जाहीर केलं की १९ जानेवारी २०१७ पासून, म्हणजे मुदत संपताच, त्याला अध्यक्ष मानणार नाही. देशात शिक्षकांनी, वकिलांनी, विद्यापीठाने, गाम्बियाच्याच अनेक राजदूतांनी त्याला जायला सांगितलं. मंत्री राजीनामे देऊ लागले. ‘गाम्बियाने कौल दिला आहे’ असं छापलेले टी-शर्ट घातले म्हणून लोकांना अटक झाली. सुमारे ४५ हजार माणसं सीमा ओलांडून सेनेगलला गेली.

१९ जानेवारीला बॅरोचा शपथविधी सेनेगलची राजधानी डाकार इथल्या गाम्बियाच्या छोट्याशा वकिलातीत झाला. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेने एकमताने त्याच्या बाजूने ठराव केला. बळ वापरायची स्पष्ट परवानगी त्यात नव्हती, पण आता देशाचा मान्यताप्राप्त अध्यक्ष स्वतः मदत मागत होता, आणि कायद्याच्या दृष्टीने ते पुरेसं होतं. संध्याकाळी सेनेगलचं सैन्य सीमेत शिरलं आणि मुद्दाम थांबलं. नायजेरियाची विमानं वर घिरट्या घालत होती. गाम्बियाचे लष्करप्रमुख आधीच म्हणाले होते की राजकीय भांडणासाठी मी माझी पोरं मारायला पाठवणार नाही. दोन दिवस बोलणी झाली आणि २१ जानेवारीच्या रात्री जामे विमानात बसला. मोठी लढाई झालीच नाही.

हे जमलं त्यात नशिबाचा भागही होता. देश लहान, शेजारी कितीतरी पटींनी मोठा, सैन्य लढायला तयार नाही. तरी यातलं जे नशीब नव्हतं ते मला मोलाचं वाटतं. कुणाला बसवायचं हे इकोवासने ठरवलं नाही, गोट्या टाकणाऱ्यांनी ठरवलं होतं. सैन्य आलं ते शेवटी, आणि ते आल्यावरही बोलण्याचं दार उघडं राहिलं. आणि आलेले लोक असे होते की गाम्बिया पेटला असता तर निर्वासित त्यांच्याच दारात येणार होते. लिबियावर बॉम्ब टाकून परत जाता येत होतं. सेनेगलला गाम्बियापासून परत कुठे जाता येणार?

किंमतही मोजावी लागली. इकोवास, आफ्रिकी संघ आणि संयुक्त राष्ट्रांच्या संयुक्त निवेदनात जामेच्या सुरक्षिततेची हमी आहे. तो इक्वेटोरियल गिनीत जाऊन राहिला. ज्यांची मुलं, ज्यांचे नवरे त्याच्या ‘जंगलर्स’ नावाच्या टोळीने मारले, त्यांना वर्षानुवर्षं थांबावं लागलं. पण वाट पूर्ण बंद झाली नाही. सत्यशोधन आयोगापुढे २०१९ पासून जाहीर साक्षी झाल्या, टोळीतल्या माणसांनीच कॅमेऱ्यासमोर खून कबूल केले. स्वित्झर्लंडमध्ये मे २०२४ मध्ये जामेचे माजी गृहमंत्री उस्मान सोन्को यांना २० वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इकोवासने गाम्बियासाठी विशेष न्यायाधिकरण स्थापायला मान्यता दिली.

शेजारी तरी कुठे धुतल्या तांदळासारखे

यावरून ‘शेजाऱ्यांवर सोपवा’ असं म्हणणं सोपं आहे, आणि मी ते पूर्णपणे म्हणू शकत नाही. टांझानियाचंच पाहा. अमीन गेल्यावर आलेले युसुफ लुले ६८ दिवस टिकले. मग बिनाइसा, मग लष्करी मंडळ, आणि डिसेंबर १९८० च्या वादग्रस्त निवडणुकीत न्येरेरेंचे जुने मित्र मिल्टन ओबोटे परत. त्यांच्या काळात लुवेरो भागात पुन्हा प्रचंड कत्तली झाल्या. १९८६ मध्ये बंडखोर नेते योवेरी मुसेवेनी सत्तेवर आले आणि नंतर त्यांनी घटनेतली मुदतीची आणि वयाची मर्यादा काढून टाकली. न्येरेरेंचा हेतू शुद्ध होता, युद्धाच्या खर्चाने त्यांचा गरीब देश पुरता वाकला, आणि तरीही युगांडाच्या बहुतेक भागाला शांतता मिळायला सात वर्षं लागली. अमीनला हटवणं चूक होतं का? माझ्या मते नव्हतं. पण ज्याला हटवलं त्याच्या जागी लोकांनी निवडलेला कुणी तयार नव्हता, आणि ती उणीव बाहेरच्या सैन्याने भरून काढता येत नाही.

१९९८ मध्ये सिएरा लिओनमध्ये लष्कराने हाकललेले निर्वाचित अध्यक्ष कब्बा परत सत्तेवर आले ते नायजेरियाच्या सैन्यामुळे, आणि त्या वेळी नायजेरियावर सानी अबाचा या लष्करशहाचंच राज्य होतं. गाम्बियात शेवटची बोलणी करणारे गिनीचे अल्फा काँदे यांनी २०२० मध्ये घटना बदलून तिसरी मुदत घेतली आणि पुढच्या वर्षी लष्कराने त्यांना उचललं. इकोवास त्या घटनाबदलावर गप्प होती. २०१५ मध्ये दोनच मुदतींचा नियम सगळ्या सदस्य देशांना लावायचा प्रस्ताव आला होता. गाम्बिया आणि टोगोच्या विरोधामुळे तो बारगळला.

या गप्प बसण्याचं फळ २०२३ मध्ये नायजरमध्ये दिसलं. जुलैत तिथे लष्कराने निवडून आलेले अध्यक्ष बाझूम यांना कोंडलं. इकोवासने आठवड्याची मुदत दिली, सैन्य पाठवण्याची धमकी दिली, सीमा बंद केल्या, नायजेरियाने वीज तोडली. राजधानी नियामेत लोक रस्त्यावर उतरले, पण लष्कराच्या बाजूने. ‘घटना बदलणाऱ्यांना चालवून घेता, आम्हालाच का अडवता’ या प्रश्नाला इकोवासकडे उत्तर नव्हतं. वीज आणि औषधांवाचून हाल झाले ते सामान्य माणसांचे. मुदत संपली, सैन्य गेलं नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये माली, बुर्किना फासो आणि नायजर संघटनेतून अधिकृतपणे बाहेर पडले.

सैन्याशिवाय काय करता येतं

झिम्बाब्वेत अध्यक्ष रॉबर्ट मुगाबेंविरुद्ध सैन्य पाठवायची मागणी २००८ मध्ये जोरात होती. २९ मार्चच्या निवडणुकीत विरोधी नेते मॉर्गन त्स्वांगिराई पहिले आले, पण ५० टक्क्यांना थोडे कमी पडले. दुसऱ्या फेरीआधी त्यांच्या कार्यकर्त्यांवर इतके हल्ले झाले की त्यांनी माघार घेतली. ब्रिटन सर्वांत मोठ्याने बोलत होता, आणि मुगाबेंना तेच हवं होतं. जुना मालक परत येतोय, एवढं सांगितलं की त्यांचं काम होत असे. लोकांना आठवत होतं की १९८३ नंतर मुगाबेंच्या सैन्याने मातबेलेलँडमध्ये हजारो माणसं मारली तेव्हा हेच ब्रिटन गप्प होतं आणि १९९४ मध्ये त्याने मुगाबेंना मानाचा किताबही दिला होता. सुरक्षा परिषदेतला निर्बंधांचा ठराव जुलैमध्ये रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरून पाडला.

२००८ च्याच एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डरबन बंदरात एक चिनी जहाज झिम्बाब्वेसाठी काडतुसं आणि उखळी तोफांचे गोळे घेऊन आलं. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला हरकत नव्हती. बंदरातल्या कामगारांच्या संघटनेने माल उतरवायला नकार दिला. या गोळ्या आमच्यासारख्याच कामगारांवर चालवल्या जाणार, आम्ही हात लावणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. डरबनचे अँग्लिकन बिशप न्यायालयात गेले, माल नेण्यावर बंदी आली, आणि जहाज तसंच निघून गेलं. या कामगारांनी जे केलं, तेही बाहेरच्यांनी केलेला हस्तक्षेपच आहे. मला तो नाटोच्या सगळ्या विमानांपेक्षा अधिक नैतिक वाटतो.

पैशाची वाटही अशीच अडवता येते. जामे जिथे राहतो त्या इक्वेटोरियल गिनीत तेओदोरो ओबियांग ऑगस्ट १९७९ पासून सत्तेवर आहेत. १९९० च्या दशकात तिथे समुद्रात तेल सापडलं. बहुसंख्य लोक गरीबच राहिले आणि अध्यक्षांच्या मुलाने, जो पुढे उपाध्यक्षही झाला, पॅरिसमध्ये महाल, स्वित्झर्लंडमध्ये गाड्या आणि कॅलिफोर्नियाच्या मालिबू किनाऱ्यावर बंगला घेतला. ही खरेदी करून देणारे वकील, दलाल आणि बँकवाले युरोप-अमेरिकेतलेच होते. फ्रान्समधल्या स्वयंसेवी संस्थांनी तक्रार केली, वर्षानुवर्षं खटला लढवला, आणि २०१७ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम करून महालाच्या जप्तीवर शिक्कामोर्तब केलं. जिनिव्हात जप्त झालेल्या पंचवीस गाड्या २०१९ मध्ये लिलावात विकल्या गेल्या.

आता असा पैसा परत करायचा कुणाला? सरकारकडे दिला तर तो त्याच घरात जाणार. मालिबूच्या बंगल्याच्या विक्रीनंतर अमेरिकेने यातून वाट काढली. २०२१ मध्ये २६६ लाख डॉलर परत करायचे ठरले, पण ते सरकारच्या हाती न देता. त्यांतले १९२.५ लाख डॉलर संयुक्त राष्ट्रांमार्फत इक्वेटोरियल गिनीतल्या लोकांसाठी कोविडच्या लसी घ्यायला गेले आणि ६३.५ लाख एका वैद्यकीय संस्थेमार्फत औषधांसाठी. ओबियांग यांची सत्ता यामुळे हलली नाही. पण लुटलेल्या तेलाच्या पैशातला थोडासा भाग, ज्यांचा तो होता त्यांच्या दंडात लस होऊन पोचला, आणि त्यासाठी कुठल्याही शहरावर बॉम्ब टाकावा लागला नाही. लंडन, दुबई, पॅरिस, मुंबई, जिथे जिथे असा पैसा घर आणि जमीन होऊन बसतो, तिथल्या सरकारांना हे करायला कुणाची परवानगी लागत नाही.